फोटोतली मंदा

वधूच्या कातडीचा भाव फोटोवरून ठरवणाऱ्या सुसंस्कृत समाजावर प्रबंध लिहून थकलेल्या प्राध्यापिका रणदिवे भिवंडीच्या स्थानकात दापोड्याच्या बससाठी उभ्या होत्या. रांगेत पुढेच द्रौपदी आणि तिची शेजारीण हौसा बोलत होत्या.

"द्रौपदीबाय, तुझ्या मंदाचं जमलं का गो?"

"सांगते. फोटोवाल्या रामदासला मी बोलली, पोरीला जरा गोरी कर. दुसरे करतात ना, निगेटिव्हवर पेन्सिल मारून!"

"केली?"

"न्हाय! बोलला, मावशी, मांडवात मी पेन्सिल घेऊन उभा राहू काय? पावडर पुसायला लावली न् दारातल्या उजेडात बसवली. सावळी पोर नुसती झळकली!"

"मुलाकडचे आले?"

"आले की! मुलाच्या आईनं फोटो मंदाच्या गालाशी धरला. बोलली, पहिल्यांदाच फोटोतली मुलगी घरात सापडली!"

"जिंकलीस गो!"

"मी कसली? मंदानं त्यांनी धाडलेला मुलाचा फोटो त्याच्या गालाशी धरला. विचारलं, हा गोरा कोण? त्याला का न्हाय आणलात?"

"अगो आई! मग?"

"त्याची आई लालबुंद. मुलगा मात्र हसला. बोलला, तो स्टुडिओतच राहतो. मी चालेन का?"

"मंदा काय बोलली?"

"रविवारी साखरपुड्याला ये, तिलाच विचार."