'नाही' म्हणण्याची कला

माणसाला 'नाही' म्हणता आलं की निम्मा संसार सुटसुटीत होतो, अशी सर्वेशची श्रद्धा होती. हीच कला तो आता ऑनलाइन शिकवणार होता. शिष्य मात्र एकही नव्हता. म्हणून लोकांच्या अडचणी समजून घ्यायला तो मुलुंडच्या पोस्टात, आधारच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"काकू, तुम्हाला नाही म्हणणं जड जातं का हो?"

"कोणाला?"

"कोणालाही. मी कोच आहे, तेच शिकवतो."

"बरा भेटलास! माझा नंबर धर ना जरा. समोरून झेरॉक्स काढून आणते."

"अं... या."

"आणि ही फाइल संघमित्राताईंची. त्या कुकर लावायला घरी गेल्यात. त्यांचाही नंबर धर."

"धरतो."

"भाऊ, माझा पण बघा हां, चहा मारून आलोच!" मागचा एक माणूस म्हणाला.

"या, या."

काकू अर्ध्या तासाने झेरॉक्स आणि कोथिंबीर घेऊन आल्या.

"काकू, माझ्या पहिल्या बॅचला याल? तुम्हाला फुकट."

"नाही."

"विचार तरी करा!"

"नाही म्हटलं ना रे."

काकूंचं काम झालं, चहाला गेलेल्या माणसाचंही झालं. दीड वाजता सर्वेश संघमित्राताईंची फाइल घेऊन उभाच होता. आधारची खिडकी एकला बंद झाली होती.