बापाच्या मागं किटली

...आणि वर मलाच विचारतात, जॅनिस, तुझ्या बापाचा एवढा सत्काराचा दिवस, वरून साहेब आलेले, फोटोवाला आलेला, आणि तू आपली चहाची किटली घेऊन म्हाताऱ्याच्या मागं मागं काय हिंडत होतीस, घरी त्याला कुणी चहा देत नाही की काय? अहो, का म्हणजे? तुम्हाला सांगते, माझ्या जागी तुम्ही असतात ना, तर किटली काय, आगीचा बंब घेऊन हिंडला असतात.

पण ते असं एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. त्यासाठी आधी आमच्या बाबांची खोड सांगायला हवी. खोड त्यांची एकट्याची नाही म्हणा, अख्ख्या स्टोक गावाची आहे. आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या कपबश्याच झाल्या, दुसरं काही झालंच नाही, घरटी एक तरी माणूस मातीत हात घातलेला. त्यामुळे आमचा माणूस लग्नाला जाऊ दे, बारशाला जाऊ दे, मयताला जाऊ दे... पुढ्यात बशी आली की आधी ती उचलायची, उलटी करायची, खालचा शिक्का वाचायचा, कुणाची, कुठल्या कारखान्याची, आणि मग खायला लागायचं. बाबा म्हणायचे, "आधी उलटं करून बघायचं, पोरी. वरून सगळ्याच छान दिसतात."

माझ्या लग्नात तर त्यांनी बशीत रस्सा आहे हे न बघताच ती उलटी केली. रस्सा गेला माझ्या सासूबाईंच्या मांडीवर. आणि माफी मागायचं सोडून हे म्हणतात कसे, "शिक्का आपलाच आहे हो, काळजी नको." हॉस्पिटलात होते तेव्हाची गोष्ट. नाकात नळ्या, अंगठ्याएवढा श्वास, नर्स बिचारी चहा घेऊन आली, "घेता का, आजोबा, गोड केलाय." आजोबांनी काय करावं? बशी उलटी. शिक्का बघितला, आणि नर्सला म्हणतात, "तरीच. कुठला तरी परका माल. म्हणून माणसं बरी होत नाहीत इथं."

आता तुम्ही म्हणाल, हौस आहे म्हाताऱ्याची, असू दे. नाही हो, हौस नाही. आमचे मालक, पिमसाहेब, त्यांनी एकदा जुन्या कामगारांना बंगल्यावर जेवायला बोलावलं. बाबांची बायको, म्हणजे माझी आई, तिनं स्वतःला नवा कोट शिवला त्यासाठी! मालकाच्या घरी टेबलाशी बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे? गेले. बसले. केली बशी उलटी. तर ती फ्रान्सची. ज्या माणसाचा कपबश्यांचा कारखाना, ज्याच्यासाठी आम्ही छातीत माती भरून घेतली, तो स्वतः फ्रान्सच्या बशीत जेवतो? बाबा उठले, टोपी घातली, आईला म्हणाले, "चल, घरी बटाटे आहेत." त्या दिवसापासून पिमसाहेबांना त्यांनी कधी सलाम केला नाही. आई मात्र तो कोट पुढं कुठं घालायचा ह्या काळजीतच गेली.

आणि छातीत माती म्हटलं ते उगाच नाही. बाबा कच्च्या बश्यांच्या कडा घासायचे. कोरड्या. दिवसभर ती धूळ. मी त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर कपांना कान लावायचे. ओला कान, बोटावर पातळ माती, लाव, दाब, पूस, पुढचा. कितीजण सकाळी उठून माझा कान धरतात ह्याचा हिशेब नाही. मग कारखाना बंद पडला. तिथं आता गोदाम आहे, पत्र्याचं. आणि मी तिथंच आहे, बरं का. ज्या जागी कान लावत होते त्या जागी खोकी भरते. फरक इतकाच की तेव्हा आम्ही गायचो, आता गळ्यात यंत्र असतं, ते सांगतं, हळू चाललीस, हळू चाललीस.

तर कारखाना गेला, आई गेली, फुप्फुसं गेली. राहिलं काय बाबांकडे? पार्टी. आपली पार्टी, लाल बिल्ल्याची. आमच्याकडे मूल जन्मलं की आधी पार्टी ठरलेली असायची, नाव मागाहून. पंचावन्न वर्षं बाबांनी दारोदार पत्रकं वाटली. पावसात, बर्फात. तीन वेगवेगळ्या कुत्र्यांचे दात होते त्यांच्या पोटरीवर, आणि ते कौतुकानं दाखवायचे, "हा चावला त्या वर्षी आपण जिंकलो." पुढं चालवेना, तर ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारी ठेवून, खुर्चीत बसून पत्रकांच्या घड्या घालायचे. घडी, श्वास, घडी, श्वास.

आणि आमचा नवरा! क्लाइव्ह. तोही भट्टीवरचा माणूस, नोकरी गेल्यावर व्हॅन चालवतो, पाठ मोडलेली. त्यानं मागच्या खेपेला मत कुणाला द्यावं? त्या दुसऱ्यांना. बरं, दिलंस तर दिलंस, जेवताना सांगायची काय गरज होती? "तुमच्या पार्टीनं काय दिलं हो आम्हाला? पत्र्याचं गोदाम?" झालं. बाबांनी जावयाशी बोलणं टाकलं. बोलायचे ते कुत्र्यामार्फत. "बस्टर, त्या माणसाला सांग, मीठ इकडे सरकव." आणि आमचा हा शहाणा, "बस्टर, त्यांना सांग, मीठ त्यांच्या हाताशीच आहे." दोन वर्षं! कुत्र्याला बिचाऱ्याला कळेना की घरात कर्ता पुरुष नेमका कोण.

अशात एक दिवस दार वाजलं. पार्टीच्या नव्या बाई, इमोजेन. लंडनहून आमच्या वॉर्डाचं काम बघायला आलेल्या. वाईट नाही हो मुलगी. मनानं चांगली. फक्त बोलते अशी की समोरचा माणूस आजारी आहे. "जॅनिस, आम्ही ना, तुमच्या बाबांचा सत्कार करतोय! उद्या, रविवारी, क्लबात! त्यांच्यासारख्या कष्टकरी माणसांवरच तर पार्टी उभी आहे ना! आणि हे बघा, त्यांना काय देणारोय... किती गोड आहे बघा ना!" आणि पिशवीतून काढला एक कप. पांढराशुभ्र, मोठा. वर लाल अक्षरात, 'सायरिल कार्टलिज, पंचावन्न वर्षांची निष्ठा.'

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. बाबांचं नाव आजवर हजेरीपटाशिवाय कुठं छापून आलं नव्हतं. कप हातात घेतला... आणि सवय हो! आधी उलटं करून बघायचं. बघितलं. खाली समुद्रापलीकडचं नाव.

म्हटलं, "बाई, हा आपल्याकडचा नाही."

"नाही कसा? छपाई इथलीच आहे ना! लंडनची."

आता लंडन हे 'इथं' कधीपासून झालं, हे मी तिला विचारलं नाही. म्हटलं, "बाई, ह्या गावात, ह्या माणसाला, हा कप? माशाला पाण्याची बाटली दिली असतीत तर परवडलं असतं." तिचा चेहरा पडला. म्हणाली, "पण जॅनिस, खाली कोण बघतं?" अहो, अख्खं गाव बघतं! पण दुसऱ्या दिवशी रविवार, निमंत्रणं गेलेली, दुसरा कप कुठून आणायचा?

रात्री मी तो कप घेऊन मोरीत बसले. सुरीनं खरवडलं. तारेनं घासलं. नखांचा रंग फासला, तर सुकून पापडासारखा निघून आला. झिलईच्या खालचा शिक्का जात नाही, जन्मात जात नाही, आणि हे लोकांना छाती फुगवून कोण सांगायचं? आम्हीच. क्लाइव्ह दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "सांगून टाक की. सोडू देत पार्टी." म्हटलं, "आणि मग सकाळी उठून काय करतील ते? घडी कशाची घालतील?" तो बस्टरला घेऊन बाहेर निघून गेला.

आणि मग सुचलं. भरलेला कप कुणी उलटा करत नाही! नुसता चहा भरून ठेवायचा. रिकामा म्हणून होऊ द्यायचा नाही. कळलं आता, किटली का ते?

क्लबात गर्दी बरी होती. अर्धे बाबांसाठी आलेले, अर्धे केकसाठी. वरून आलेले साहेब उभे राहिले, आणि उभं राहून आधी काय केलं? कोट काढला आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ह्यांना कष्टकऱ्यांविषयी बोलायचं असलं की बाह्या दुमडाव्या लागतात. "मित्रहो, मी तुमच्यातलाच आहे. माझे आजोबा खाणीत होते." ह्या सगळ्यांचे आजोबाच खाणीत कसे असतात हो? बाप कुणाचाच कसा नसतो? बाबा मात्र मान डोलवत होते. कोट इस्त्रीचा, बिल्ला लाल, सिलिंडर पुसून लखलखीत. डोळ्यांत पाणी. आणि इमोजेननं, मी शिकवल्याप्रमाणे, काठोकाठ भरलेला कप त्यांच्या हातात दिला. टाळ्या.

बाबांनी दोन्ही हातांनी कप धरला. अंगठा एकदा कानावरून फिरवला. एक घोट घेतला. मी ओतला. दुसरा घोट. मी ओतला. "पुरे, जॅनिस." "घ्या हो, बाबा, थंडी आहे." लोक येऊन हात मिळवतायत, बाबा कप ह्या हातातून त्या हातात घेतायत, आणि मी मधे किटली घालतेय. फोटो बघा तुम्ही, प्रत्येक फोटोत बाबांच्या खांद्यामागून किटलीची चोच आलेली आहे! आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला एवढा चहा पाजल्यावर व्हायचं ते झालंच. "मी जाऊन येतो." म्हटलं, "कप द्या, मी धरते." "माझा आहे. मी नेणार." गेले. एका हातात सिलिंडर, एका हातात कप, आणि मी बाहेर पुरुषांच्या संडासाच्या दाराशी किटली घेऊन उभी. जाणारेयेणारे बघतायत. म्हटलं बघा. आतून आवाज येतो का ऐकत होते... आपटल्याचा, शिवीचा. काही नाही. बाहेर आले. कप रिकामा. मी ओतला.

घरी नेला तो कप. रोज त्यातच चहा. धुवायची मी, पुसायची मी, द्यायची भरून. हिवाळा गेला तसा आणि बाबांनी एकदाही तो उलटा केला नाही. मला वाटलं, सुटलो बाई.

मे महिना आला, मतदानाचा दिवस. बाबा अंथरुणातून उठत नव्हते तेव्हा. मी कोट घालून निघाले, तर म्हणाले, "तो कप दे." रिकामा होता. मी धावले किटलीकडे. "राहू दे, पोरी. रिकामाच दे."

दिला. काय करणार? त्यांनी अंगठा फिरवला कानावरून. म्हणाले, "हा कान हातानं लावलेला नाही. आख्खा साच्यातून पडलाय... क्लबात हातात घेतला तेव्हाच कळलं. तुझे कान मी ओळखत नाही होय?"

मला रडू आलं. "मग बोलला का नाहीत, बाबा? उलटा का नाही केलात? मालकाच्या घरून उठून आलात ना तुम्ही?"

श्वास घेतला त्यांनी. एक घेतला, दुसरा घेतला. म्हणाले, "मालकाकडे जेवायला गेलो होतो. पार्टीत माझं घर होतं." मग म्हणाले, "जन्मभर हाताला लागेल ते उलटं करून बघितलं मी, जॅनिस. तेवढी पार्टी सोडून. आता ह्या वयात बघायला सांगतेस?" आणि कप माझ्याकडे दिला. सुलटाच. "जा. फुली मारून ये."

गेले. शाळेत मतदान होतं. ती दोरीला बांधलेली पेन्सिल, तो फळ्यांचा आडोसा. कागद हातात घेतला आणि आधी उलटा करून बघितला, सवय! मागं नुसता एक आकडा. सुलटा केला. गोदाम आठवलं, बाह्या आठवल्या, क्लाइव्हचं 'काय दिलं हो' आठवलं... आणि मारली फुली. कुठं काय विचारता? बाबा मारायचे तिथंच.

त्याच आठवड्यात गेले ते. पार्टीकडून फुलं आली, लाल, चिनी मातीच्या फुलदाणीत, सुंदर हो, सोनेरी कड. चिठ्ठीत 'आमच्या सायरिलला'. क्लाइव्ह, ज्याच्याशी म्हातारा शेवटपर्यंत कुत्र्यामार्फतच बोलला, तो सकाळपासून भिंतीकडे तोंड करून रडत होता. त्यानं डोळे पुसले, फुलं काढून बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी फुलदाणी उचलली आणि उलटी करायला लागला.

मी म्हटलं, "थांब. आधी पाणी भर त्यात."