गुलाबी कार्डावरचा केरबा

भरमाप्पा : मनात न्हवं कंडक्टर, मोठ्यानं वाच! सगळ्या गाडीला कळू दे.

कंडक्टर : "मायबापहो, मी केरबा. जन्मापासून दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे. सूर्य कसला असतो मला ठाऊक नाही. यथाशक्ती मदत करावी. वाचून झाल्यावर कार्ड परत द्यावे."

भरमाप्पा : आणि आता ह्या ध्यानाकडं बघ! मी दशमीचा डबा उघडला, तसा टकामका डब्यात बघालाय. सूर्य ठाव न्हाई म्हणं, शेंगाची चटणी बरी दिसली!

कंडक्टर : आणि मघाशी त्या आक्काची पिशवी वरच्या फळीवरनं सुटली, ती ह्येनंच झेलली की.

भरमाप्पा : झेलली! डोळं असलेली आम्ही चाळीस माणसं बसून ऱ्हायलो आणि आंधळ्यानं झेलली! ए केरबा! ए! बघ, स्वतःच्या नावाला वळून बघंना.

बाबालाल : जाऊ द्या हो अण्णा. गरीब हाय.

भरमाप्पा : चाचा, तुम्ही खिडकीतनं बाहेर बघा. गरीब! शाहूपुरीत गुळाची अडत हाय माझी, रोज शंभर नमुनं बघतो. संकेश्वरच्या स्टँडावर एक लंगडा बसतोय. सांजंला कुबड्या काखंत मारून असा पळतोय की रानात जाऊन उसाला पाणी पाजून परत स्टँडावर. त्याच्या म्हशीला पंखा हाय, पंखा! इजंचा! माझ्या पेढीवर न्हाई अजून.

कंडक्टर : खरं?

भरमाप्पा : मी सोत्ता वारा खाऊन आलोय. म्हस उठून मला जागा देत हुती.

बाबालाल : म्हशीनं चहा विचारला न्हाई व्हय?

भरमाप्पा : हसा. तुमच्यासारख्यांनीच ही जात माजवून ठेवलीया. दुष्काळात आली शहरात, पाऊस पडून चार वर्सं झाली, परत जायाचं नाव न्हाई. रस्त्यावर निजायचं, स्टँडावर जेवायचं आणि आमच्या मांडीवर कार्ड टाकायचं. कंडक्टर, मार बेल. उतरीव ह्येला हितंच.

कंडक्टर : हितं कुठं पावणं? कागल मागं गेलं, पुढं निस्ता माळ हाय.

भरमाप्पा : मग माळालाच मागू दे भीक!

कंडक्टर : उतरवायचा तर हायच. बाकीची भिकारी डबल बेल वाजली की टपाटपा उड्या मारत्यात. ह्यो न्हाई उतरला. बिगरतिकिटाचा माणूस चेकरनं धरला तर माझ्या पोटावर पाय. ए, चल! दारात चल!

बाबालाल : मास्तर, जरा दमानं... गडहिंग्लजपत्तूर बसू दे की त्येला.

भरमाप्पा : चाचा, तुमचा कोण लागतोय ह्यो? दमानं घेतलं की ही डोक्यावर बसत्यात. औषध मला ठाव हाय. गेल्या सोमवारी ह्याच गाडीला, गडहिंग्लज स्टँडावर, एकजण चढला. हातात असंच गुलाबी कार्ड. त्यावर काय? "मी मुका-बहिरा आहे." आणि कार्ड वाटत वाटत भाद्दर गाणं म्हणतोय! खड्या आवाजात!

कंडक्टर : मुका गाणं म्हणतोय?

भरमाप्पा : तेच म्हटलं मी! "मुका न्हवं काय रं तू?" तर म्हणतोय कसा, "न्हाई जी, मुका कशानं असंन?" तोंडावर! दोन ठेवून दिल्या कानाखाली. ह्या हातानं, कड्यासकट. आणि मस्ती किती, हात वर केला तर मान सुदिक मागं घेतली न्हाई गड्यानं. पापणी हालवली न्हाई. तसाच समोर तोंड करून उभा.

कंडक्टर : मग?

भरमाप्पा : मग काय, दारातनं खाली ढकलला. सगळी गाडी हसली. आणि खरं सांगू का, ह्यांच्यापरास ही कार्डं छापून देणाऱ्याला पयलं धरला पायजे. त्यो सापडू दे, त्याच्या छापखान्यातच त्याला दाबून काढतो.

कंडक्टर : बरं केलंसा. ए, ऐकू येतंय का न्हाई? उतर! मारली बघ बेल. डायवर, थांबा ओ!

बाबालाल : थांबा मास्तर! उतरवू नका. त्येचं तिकीट हाय.

कंडक्टर : कुठं हाय?

बाबालाल : ह्ये काय. मघाशी तुमच्याकडनं दोन घेतली न्हाईत का? एक माझं, एक त्येचं.

कंडक्टर : तुम्ही तर म्हणालासा, संगं पावणा हाय.

बाबालाल : त्योच पावणा. शेजारी गप बसवला हुता. गाडी सुटली, माणसं दिसली, तसा उठून कार्डं वाटायला लागला. हातानं लाख खुणावलं. हाक मारून उपेग न्हाई, त्येला ऐकूच येत न्हाई.

भरमाप्पा : चाचा, कार्डावर आंधळा लिवलंय, बहिरा न्हाई.

बाबालाल : ठाव हाय अण्णा. मीच छापलंय.

भरमाप्पा : तुम्ही!

बाबालाल : बाबालाल छापखानेवाला. दाबा, कुठं दाबताय ते. पर आधी डायवरला म्हणावं गाडी हाण.

कंडक्टर : ...चला ओ डायवर, चला!

बाबालाल : लग्नपत्रिकांचा गुलाबी कागद उरला हुता. दोघांची कार्डं त्यावरच काढली. एक केरबा, त्यो आंधळा. त्येला मीच म्हटलं, आता गाण्यावर कोण देत न्हाई, कार्ड दे. सूर्याचं वाक्य बी माझंच. आणि दुसरा ह्यो, मुका-बहिरा. गठ्ठे सुतळीनं बांधले, आणि देताना उलटं झालं. वाचून बघणार कोण? एकाला दिसत न्हाई, दुसऱ्याला अक्षर येत न्हाई.

कंडक्टर : म्हंजे ह्येचं नाव केरबा न्हवंच?

बाबालाल : ह्येचं नाव कुणालाच ठाव न्हाई. सांगणार कसं? मी सयाजी छापलंय. मला बरं वाटलं, म्हणून.

कंडक्टर : मग सयाजीचा गठ्ठा...

बाबालाल : केरबाकडं. आठ दिस त्यो बिचारा "मी मुका-बहिरा" वाटत गाणी म्हणत फिरतोय. परवा एका डायवरचा हात धरून छापखान्यात आला. इकडचा गाल असा फुगलेला. म्हणतोय, "बाबालालभाई, कार्डात काय लिवलंय वो? लोक मला मुका का म्हणत्यात? मी तर आंधळा हाय." मी वाचून बघितलं आणि पायाखालची फरशी गेली. बदलून देतो एवढंच म्हटलं, चूक माझी हे सांगायचं धाडस झालं न्हाई. तवापास्नं ह्येला हुडकत हुतो, आज स्टँडावर घावला. दोघांचं गठ्ठे बदलून द्यायला गडहिंग्लजला निघालोय.

कंडक्टर : पावणं... सोमवारी म्हणालासा न्हवं?

भरमाप्पा : लई आंधळी हाईत गडहिंग्लजात.

बाबालाल : गाणारा आंधळा एकच हाय, अण्णा. गुलाबी कार्डवाला.

भरमाप्पा : मग कार्ड नीट छापायचं हुतं तुम्ही!

बाबालाल : व्हय. माझी चूक हायच. ती मी त्येच्यापुढं जाऊन सांगणार हाय.

भरमाप्पा : ...मारणारा कोण हुता, सांगितलं का त्यानं?

बाबालाल : त्येनं कुठं बघितलंय? कडं लागलं, एवढं म्हणाला. आणि आवाज मोठा हुता. आणि अंगाला गुळाचा वास.

कंडक्टर : पावणं, दशमी खावा की. डबा उघडाच ऱ्हायला.

भरमाप्पा : नगो. त्या... सयाजीला दे.

कंडक्टर : घेईना. मान हालवालाय. तुमच्या कड्याच्या हाताकडं बघालाय.

(गाडी गडहिंग्लज स्टँडात शिरते. दाराशी खड्या आवाजातलं गाणं.)

बाबालाल : आला बघा केरबा, गाडीच्या आवाजावर. चल सयाजी, चल बाबा, गठ्ठा घे. मास्तर, उपकार झालं तुमचं.

कंडक्टर : माझं कसलं, मी तर बेल मारलीवती. जपून उतरा चाचा. पावणं, तुम्ही बी उतरा की. गाडी पुढं चंदगडला जाणार.

भरमाप्पा : दारात गर्दी हाय.

कंडक्टर : गर्दी कसली? ती तिघंच तर हाईत.

भरमाप्पा : ती सरू देत.

कंडक्टर : अवो, जावा की शेजारनं. त्याला दिसत न्हाईसा तुम्ही.

भरमाप्पा : हळू बोल. त्याला ऐकू येतंय.