पुरणयंत्र आणि तीन टाके

…आणि वरून मलाच विचारते, 'हथियार कहाँ है?' हथियार! तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं बँकेत काढली, तिथे पेनसुद्धा दोऱ्याने बांधलेला असते, त्याहून टोकदार काही हातात धरलं नाही, घरात झुरळ निघालं तर मी शकुला, म्हणजे आमच्या मिसेसला, आवाज देतो, आणि तो हवालदार दारात उभा राहून म्हणते, 'निकालो.' आता काय काढू? काढून ठेवलं समोर... पुरणयंत्र. पितळेचं, साडेतीन किलोचं, वर फिरवायचा दांडा. तो यंत्राकडे पाहून राहिला, मी त्याच्याकडे पाहून राहिलो. मग त्याने कागदावर लिहिलं, 'एक नग पीतल का भारी यंत्र, हत्था लगा हुआ.' अहो, चाळीस वर्षांत त्या यंत्राने चण्याच्या डाळीशिवाय कोणाचं वाईट केलं नाही.

मारलं की नाही? सांगतो ना, दम धरा थोडा. पहिले यंत्राचं ऐका, म्हणजे बाकीचं समजेल.

आमची इथे, ह्या हिंदी मुलखात, पाच मराठी घरं. महालक्ष्म्या पाचही घरी बसतात आणि पुरणयंत्र एक. काहून एक? तर म्हणे मिक्सरचं पुरण चिकट होते, नैवेद्याला चालत नाही, आणि बळीरामजींच्या आईने अमरावतीहून आणलेलं हे यंत्र कसं मऊसूत काढते. पाचही घरच्या बायकांचं एकमत आहे यावर. दुसऱ्या कशावर नाही. मग ते यंत्र त्या दिवशी घरोघर फिरते, सकाळी तिलवाऱ्याला बळीरामजींकडे, दुपारी राइट टाउनला आमच्याकडे, संध्याकाळी मैत्रेयीताईंकडे. आणि फिरवते कोण? शांताराम. म्हणजे मी. रिटायर माणूस म्हणजे फुकटचा टेम्पो, तुम्हाला सांगतो.

तर मागच्या वर्षी. तिलवाऱ्याहून यंत्र घेतलं, कापडी पिशवीत टाकलं, स्कूटरच्या हुकाला लावलं. शकुचे चार फोन. 'डाळ शिजून राहिली, कुठे आहात?' पाचवा फोन. 'डाळ शिजली, कुठे आहात?' घरापाशी येतो तर गेटात आडवी गाडी. कोणाची? पटेरियाजींची. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, एकोणीस वर्षांपासून, माणूस सोन्यासारखा, फक्त गाडी कुठे लावावी ते देवाने शिकवलं नाही. मी म्हटलं, 'पटेरिया जी, ज़रा बाजू में लेते क्या?' ते म्हणे, 'पाँच मिनट, भाई साहब.' मी म्हटलं, आपका पाँच मिनट मंजे पौन घंटा. ते म्हणे, स्कूटर बाहर लगा लो, आपकी स्कूटर कौन ले जाएगा. आता एकोणीस वर्षांत माझ्या स्कूटरला कोणी असं बोललं नव्हतं. मी पिशवी हुकावरून काढली, दोन पावलं पुढे झालो... आणि मला हात हलवून बोलायची सवय. 'काहून नाही नेणार कोणी!' असं म्हणून जो हात वर गेला, तर हातात पिशवी, पिशवीत साडेतीन किलो पितळ, आणि समोर पटेरियाजींची भुवई.

राग होता का? खोटं काहून बोलू, होता. पण मारायचं नव्हतं. राग आणि पुरणयंत्र एकाच हातात होते, एवढंच.

तीन टाके. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांचा योगेश, मुलगा त्यांचा, त्यांना गाडीत टाकून दवाखान्यात घेऊनही गेला. पाहा, गाडी निघाली शेवटी गेटातून. दवाखान्यात विचारलं, लागलं कसं? योगेश तरुण पोरगा, तापलेला, म्हणे ऊपर वाले अंकल ने मारा. झालं. डॉक्टरने पोलिसांचा कागद केला, कागद ठाण्यात गेला, आणि संध्याकाळी महालक्ष्म्यांच्या पुढ्यातून यंत्र जप्त. कलम एकशे पंधरा, म्हणजे मुद्दाम दुखापत करणं. सोबत शिवीगाळ, सोबत जिवे मारायची धमकी. मी म्हटलं, भैया, हे कधी केलं मी? तो म्हणे, ये साथ में लगती हैं. थाळीत पापड-लोणचं येते ना, तसं. ते पापड-लोणचं मॅडमनी, म्हणजे जज मॅडमनी, पुढे काढून टाकलं, पण एकशे पंधरा राहिलं. वर्षभराची कैद होऊ शकते म्हणे. एकसष्ट वय माझं. मला बाहेरचं पाणीसुद्धा सोसत नाही.

यंत्र जप्त झालं त्याच संध्याकाळी वकील केला. सिविल लाइंसला बसतात, गौतम वकील. मी म्हटलं, पहिले मी खाली जाऊन सॉरी म्हणून येतो. ते खुर्चीतून उठलेच. 'बिल्कुल नहीं! सॉरी बोले मतलब जुर्म कबूल. केस ख़त्म होने तक एक शब्द नहीं.' आता सांगा, जिना एक, गेट एक, नळाला पाणी आलं की एकमेकांना आवाज देणारे आम्ही, आणि सॉरी म्हणायचं नाही!

अकरा महिने, तुम्हाला सांगतो. चौदा तारखा. दर तारखेला तोच व्हरांडा, तोच बाक, ह्या टोकाला मी, त्या टोकाला पटेरियाजी, भुवईवर पट्टी. जखम केव्हाची भरली, पण पट्टी प्रत्येक तारखेला नवीन. चहावाला दोन कप आणून मध्ये ठेवे, दोघं आपापला उचलत. मी सॉरी म्हटलं का? नाही म्हटलं.

एकदा तर त्यांना ऑटोच मिळेना. अकराची तारीख, साडेदहा वाजलेले, माणूस गेटात उभा. मी स्कूटर थांबवली. बोललो नाही, फक्त थांबवली. ते मागे बसले, तेही बोलले नाही. फिर्यादी मागे, आरोपी पुढे, आणि खड्डा आला की फिर्यादीचा हात आरोपीच्या खांद्यावर. कोर्टाच्या अलीकडच्या वळणावर गुपचूप उतरले, वकिलांनी पाहू नये म्हणून. तेव्हा तर सॉरी अगदी ओठावर आलं होतं माझ्या. म्हटलं का? नाही म्हटलं. पण घरी येऊन जेवण गेलं नाही मला. शकु म्हणे, 'तब्येत बिघडली का?' मी म्हटलं, नाही, सॉरी अडकलं आहे.

मग आली शेवटची तारीख, ह्या वर्षीच्या महालक्ष्म्या चार दिवसांवर. पटेरियाजी साक्षीला उभे. मालखान्यातून, म्हणजे जप्त माल ठेवतात तिथून, पिशवी आली, लाखेचं सील तोडलं, आणि टेबलावर ठेवलं आमचं यंत्र, गळ्यात चिठ्ठी बांधलेली. मॅडमनी चष्मा वर केला. 'इससे होता क्या है?' गौतम वकील ऐटीत म्हणे, 'दाल पीसते हैं, मैडम.' आणि मागून आवाज आला, 'पीसते नहीं जी!'

शकु. उभी राहिलेली. मी डोळे मिटून घेतले. 'मैडम, पीसा तो बिगड़ा. डाळ शिजवायची, गूळ घालायचा, घट्ट होईपर्यंत आटवायचं, फिर गरम-गरम इसमें से पुरण निकालते हैं.' रीडरने, म्हणजे मॅडमच्या कारकुनाने, टाइप करायचं थांबवलं. वकील घामाघूम. मॅडम म्हणाल्या, 'आप बैठिए.' ही बसली. मॅडमनी दोन मिनिटं कागद पाहिले आणि मग हळूच विचारलं, 'जायफल भी डालती हैं?' 'थोडंसं, जी,' ही म्हणे.

आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, कठड्यातून पटेरियाजी बोलले. कोणी विचारलं नव्हतं त्यांना. 'पूरनपोली बहुत अच्छी बनाती हैं, मैडम. हर साल नीचे भेजती थीं, अठारह साल. पिछले साल नहीं आई.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाज काहून वाटेल सांगायला, आलं. मॅडमनी पेन खाली ठेवला. 'आप दोनों बाहर जाकर बात क्यों नहीं कर लेते?'

बाहेर आलो. बाकावर बसलो, ह्यावेळी मध्ये चहा नाही. मी वकिलाकडे पाहिलंच नाही. म्हटलं, 'पटेरिया जी, सॉरी. अकरा महीने से बोलना था.' त्यांनी एका झटक्यात पट्टी काढून फेकली. खाली काही नाही, नुसती बारीक रेघ. म्हणे, 'भाई साहब, यही एक शब्द उसी शाम बोल देते, तो मैं थाने जाकर कागज़ फड़वा देता.' मी म्हटलं, 'तो आपने काहून आवाज़ नहीं दिया?' ते म्हणे, 'मेरे वकील ने मना किया था. हँसोगे-बोलोगे तो चोट हल्की मानी जाएगी.'

अर्ध्या तासात राजीनामा, म्हणजे इकडे तडजोडीच्या कागदाला म्हणतात तो, दोघांच्या सह्या, मी सुटलो. मी हात जोडून म्हटलं, मॅडम, मंग यंत्र नेऊ का? चार दिवसांनी महालक्ष्म्या आहेत. मॅडमनाही वाईट वाटलं असेल, पण निकालात लिहिलेलं असते ते असतेच. जप्त माल अपीलची मुदत संपल्यावर परत. मी म्हटलं, अपील करणार कोण? मी करू की पटेरियाजी करतील? रीडर म्हणे, कोई न करे, तब भी मुद्दत तो मुद्दत है.

यंत्र गेलं परत मालखान्यात. आणि मला घरी जायची भीती, निर्दोष असून!

शकुने सगळं ऐकून घेतलं. महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळीच खाली जाऊन पटेरियाजींना वर घेऊन आली, आमच्या दोघांच्या पुढ्यात दोन चाळण्या ठेवल्या, दोन वाट्या, आणि मध्ये पाच घरांची शिजलेली डाळ, वाफ निघून राहिलेली. 'तुमच्यामुळे यंत्र नाही,' म्हणे, 'आता घासा. एक कणी राहायला नको.' फिर्यादी इकडे, आरोपी तिकडे. घासून राहिलो बापा, वाटी चाळणीवर, चाळणी पातेल्यावर, नऊपासून एकपर्यंत. त्यांच्या हाताला फोड, माझ्या हाताला फोड. तीन टाक्यांना कलम लागते, फोडांना काहीच नाही.

ही मधून येते, बोटाने पुरण पाहते, म्हणते, 'जाड आहे,' आणि जाते. हिने एकदा तरी सॉरी म्हटलं का? नाही म्हटलं. पटेरियाजी माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, 'भाई साहब, इनका वकील कौन है?'

मी म्हटलं, 'इनको वकील काहे को लगेगा, पटेरिया जी. यहाँ अपीलच नहीं होती. घासो.'