मारुतीची घंटा चोरीस गेली नसल्याबाबत

नाव जगदेव रंगराव खानझोडे, वय ५१ वर्षे, धंदा संस्कृतचे शिक्षक व एका दैनिकाचे अर्धवेळ वार्ताहर, राहणार रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम.

मी आपण होऊन ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी साधना हिच्यासह राहतो. घराला लागून आमची भाजीपाल्याची वाडी आहे. सध्या शाळेला उन्हाळी सुट्टी आहे.

मागील आठवड्यात मी घरी मिलिंग मशीन आणले. हे लोखंड तासून त्यात खाचा पाडण्याचे यंत्र असून ते टेबलावर मावते. संस्कृतच्या मास्तराला त्याचे काय काम, असे आपण विचारले. हाच प्रश्न पत्नीने यंत्र उतरवून घेतानाच विचारला होता. हौस आहे, याहून वेगळे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते.

आमच्याकडे नव्याचे पहिले देवाला देतात. गाय व्याली की पहिले दूध, वाडीतली पहिली वांगी वेशीवरच्या मारुतीला जातात. म्हणून यंत्रावरची पहिली वस्तूही त्यालाच द्यावी असे मी ठरवले. देवळातील पितळी घंटा ज्या लोखंडी तुकड्याला टांगलेली होती तो झिजून निम्मा झाला होता. तो नवा करायचा होता. दान गुप्त असावे, बोलून दाखवले की त्याचे फळ जाते, असे माझे वडील सांगत. मी मुलांना सुभाषिते अर्थासह शिकवतो, परंतु हे मत कधी तपासून पाहिलेले नाही. त्यामुळे मी देवस्थान समितीचे अध्यक्ष रामराव यांना अगर इतर कोणाला काही कळवले नाही.

आज शुक्रवारी पहाटे ५.२० वाजता मी घंटा काढून पिशवीत घालून घरी आणली. तुकडा तिच्या कानात, म्हणजे वरच्या कडीत, नीट बसतो का हे पाहण्यास ती जवळ हवी होती. आठच्या आत परत टांगण्याचा बेत होता. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेप्रमाणे हे काम दीड तासाचे आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याने ते पहिल्यांदा केलेले नसावे. यंत्राचे चाक मी एक फेरा जास्त फिरवला, खाच रुंद झाली व लोखंड वाया गेले. नऊ वाजता दुसरा ठोकळा लावला. दोन्ही ठोकळे मी गेल्या सोमवारी भंगार घेणारे बाबूलाल, राहणार शिरपूर जैन, यांच्या गाड्यावरून घेतले होते. कशासाठी ते त्यांनी विचारले होते. मी सांगितले नव्हते.

१०.०५ वाजता पत्नी खोलीत आली. ती म्हणाली, "आवं, मारुतीची घंटा गेली म्हंते. पोरायनं बाबूलालले धरलं स्टँडवर. सकाळी देवळापाशी त्याचा गाडा दिसला, अन् पोत्यात पितळी भांडी सापडली."

घंटा टेबलावर टॉवेलखाली होती. पत्नीने टॉवेल उचलला.

"हे काय हाय?"

"घंटा."

"मंग बसले काहून? जा न सांगा. मार खाऊन राह्यला तो मानूस."

"वीस मिनिटं. घंटा जाग्यावर लागली का मंग कोनाले काई सांगाची गरज नाई."

"तुमाले नाई गरज. त्याले हाय."

ती घराबाहेर गेली नाही. दारातच उभी राहिली. मी यंत्र सुरू केले.

१०.१५ वाजता रामराव यांचा फोन आला. ते म्हणाले, "गुरुजी, बातमी लावा. चोराचा फोटो धाडून राह्यलो." मी "पाहतो" असे म्हणालो. फोटो आला. मी तो उघडला नाही व बातमी पाठवलेली नाही. खाच पुन्हा रुंद होऊ नये म्हणून मी एका वेळी केसाएवढेच लोखंड तासत होतो. १०.३० वाजता वीज गेली व १०.५० वाजता आली. त्या वीस मिनिटांत मी खुर्चीवर बसून होतो. स्टँड माझ्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे.

११.१५ वाजता तुकडा पूर्ण झाला. तो बरोबर बसतो. म्हणजे बाबूलाल यांना धरल्याचे कळल्यापासून मी घराबाहेर पडेपर्यंत एक तास दहा मिनिटे गेली.

देवळात कोणी नव्हते. मी घंटा टांगली व लोक यावेत म्हणून वाजवली. देऊळ झाडणाऱ्या कस्तुराबाई तेवढ्या आल्या. "सापडली का गुरुजी? तुमीच शोधली आसन," असे त्या म्हणाल्या. घंटा पहाटे मीच नेली होती, असे मी त्यांना सांगितले. त्या खाली बसल्या. स्टँडवर गेलो असता पोलीस बाबूलाल यांना जमावातून सोडवून घेऊन गेल्याचे समजले, म्हणून मोटारसायकलने येथे आलो.

बाबूलाल यांच्या डाव्या कानामागे सूज असून सदऱ्याचा खिसा फाटलेला मी येथे पाहिला. १०.०५ वाजता ते कसे दिसत होते हे मला सांगता येणार नाही. त्यांनी घंटा नेलेली नाही. त्यांना मारणाऱ्यांची नावे मला माहीत नाहीत, कारण मी तेथे गेलो नाही. घंटा काढण्यास मला कोणी सांगितले नव्हते व घरी थांबून राहण्यासही कोणी सांगितले नव्हते. त्यांना माझ्या आधी घरी जाऊ द्यावे, अशी विनंती आहे.

जबाब संगणकावर घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. बाबूलाल त्याच खोलीत बाकावर बसलेले असल्याने त्यांनीही तो ऐकला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, ते टाईमवालं पुन्हा वाचा." एक तास दहा मिनिटांचा तेवढा भाग पुन्हा वाचण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
जगदेव रंगराव खानझोडे