सुट्टीवरचा स्टॉपर

अण्णासो : शब्द देऊन बसलोय मी, प्रसेन. जोतीरामला सांगिटलंय, उद्या पोरगं उतरतंय म्हणून.

प्रसेनजीत : मला इचारायचं तरी, आण्णा.

अण्णासो : त्यात काय इचारायचं? फुटबॉलची फायनल हाय. तालमीच्या टीमचा स्टॉपर गुडघा धरून बसलाय, मागं फॉरवर्ड आडवायला कोण न्हाय, आणि तू घरात सुट्टीवर. उभ्या शिवाजी पेठेत दुसरं काय बोलणं हाय का आज?

प्रसेनजीत : मी गोव्याच्या क्लबचा प्लेअर हाय. दुसऱ्या कुणाकडनं खेळायचं न्हाय, असा करार हाय त्यांच्याशी. सुट्टी देताना मॅनेजरनं परत बजावलंय.

अण्णासो : आणि गोव्याला सांगायला कोण जातंय?

दीक्षा : आण्णा, सगळं कोल्हापूर उद्या स्टेडियमवर असेल. परवा पेपरात फोटो येईल. लहान मुलासारखं काय बोलताय?

अण्णासो : तू शाळेतल्या पोरांना शिकीव, दीक्षा. मला नको. सकाळी जोतीराम आपल्या दारात आलता. आत आला, बसला, तुझ्या हातचा चहा प्याला. तालमीचा कॅप्टन. त्याच्या बापाच्या वेळंला आम्ही तालमीच्या पायरीवर टेकलो तरी उठीवत होते. काय भाषणं करून झालं न्हाय हे. ह्याच्या पायानं झालं. आणि मी त्याला न्हाय म्हणू?

दीक्षा : करार मोडला तर त्याची नोकरी जाईल. ते कळतंय का?

अण्णासो : एवढ्या चांगल्या प्लेअरला कोण काढतंय? दर मॅचला खेळीवत्यात त्याला.

प्रसेनजीत : न्हाय खेळवत.

अण्णासो : काय?

प्रसेनजीत : वर्ष होत आलं, आण्णा. मला खेळवत न्हाईत.

दीक्षा : फोनवर तर तू...

प्रसेनजीत : फोनवर काय सांगू? पहिल्या वर्षी खेळलो, ते खरं हाय. मग कलकत्त्याच्या टीमबरोबर मॅच पडली. बरोबरी हुती, संपायला आलती. बॉल माझ्या पायात. मागं गोलकीपरला द्यायला गेलो आणि पास हलका पडला. त्यांचा फॉरवर्ड मधी घुसला. गोल झाला, मॅच गेली. त्या दिवसापास्नं मी बाहेर. प्रॅक्टिसला फॉरवर्ड लोकांना चकवायला पुढं कोणतरी लागतंय, त्याला मला उभा करत्यात.

दीक्षा : मग सोडून दे ना क्लब.

प्रसेनजीत : सोडाय देत न्हाईत. पुण्याची एक टीम न्यायला तयार हुती. ह्यांनी न्हाय म्हणून कळीवलं. तिथं जाऊन मी चांगला खेळलो तर ह्यांचं हसं हुतंय. करार संपायला अजून पुढचा सबंध सीझन जायचाय.

अण्णासो : आणि मी पेठेत सांगत फिरतोय, पोरगं गोवा गाजीवतंय म्हणून.

प्रसेनजीत : म्हणून तर सांगिटलं न्हाय.

अण्णासो : थांब. जोतीरामकडं जाऊन येतो. जमत न्हाय म्हणून सांगतो.

प्रसेनजीत : बसा आण्णा. आता न्हाय म्हटलं की लोक म्हणणार, गोव्याला जाऊन माजलं. मी जाईन निघून. तुम्हाला रोज त्याच बोळातनं जायचंय.

अण्णासो : माझं सोड.

प्रसेनजीत : खेळतो मी. लई झालं तर काढून टाकतील. सुटीन तरी.

दीक्षा : सुटशील म्हणून खेळतोयस, की आण्णांसाठी?

प्रसेनजीत : मला खेळायचंय, ताई. विसरलोय मी खेळायचं.

(फायनल होऊन दोन दिवस झाले आहेत. सकाळ. प्रसेनजीत बॅग भरतो आहे.)

दीक्षा : शेजारच्या शालूबाईंकडं फोन आलेला ना तुला? क्लबचा?

प्रसेनजीत : व्हय. पेपर पोचलाय तिकडं.

दीक्षा : फोटो तरी चांगला आलाय. त्यांचा तो उंच फॉरवर्ड खाली पडलाय आणि तू बॉल घेऊन निघालायस. सबंध मॅचमध्ये एकदाही त्यानं तुला पार केलं नाही. आण्णा तर शेवटी बघतच नव्हते, मान खाली घालून बसले होते.

अण्णासो : एकच गोल हुता आपला. तेवढ्यावरच जिंकलो. काय म्हणाला मॅनेजर? काढलं?

प्रसेनजीत : न्हाय.

दीक्षा : मग बरंच झालं की.

प्रसेनजीत : काढणार न्हाईत, ताई. उद्यापास्नं हजर व्हायचं. टीमबरोबर प्रॅक्टिस न्हाय. एकट्यानं मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि खोलीवर जायचं. करार संपेपर्यंत. मी म्हटलं, साहेब, काढून टाका मला. तर म्हणाला, ते तुला बरं पडंल, म्हणूनच न्हाय काढत.

दीक्षा : असं कुठं असतंय? नकोच जाऊ मग.

प्रसेनजीत : न्हाय गेलो तर फेडरेशनकडं तक्रार करणार. मग देशात कुठल्याच टीमकडनं उतरता येणार न्हाय. तालमीकडनंबी न्हाय.

अण्णासो : संध्याकाळी तालमीत सत्कार ठेवलाय तुझा. फेटा आणलाय जोतीरामनं.

प्रसेनजीत : तुम्ही बांधून घ्या, आण्णा. खरंच. तुमचाच मान हाय तो.

अण्णासो : मी सांगून आलोय, येत न्हाय म्हणून. दोघंबी.

दीक्षा : काय म्हणाले ते?

अण्णासो : म्हणायचं ते म्हणाले. पणजीची गाडी कवा हाय?

प्रसेनजीत : दहाच्या पुढं हाय एक.

अण्णासो : दीक्षा, माझी दोन कापडं भर पिशवीत.

प्रसेनजीत : स्टँडपर्यंत यायला कापडं कशाला, आण्णा?

अण्णासो : गोव्याला येतोय. वर्कशॉपात रजा टाकलीया. तू ऱ्हातोस कुठं, जेवतोस कुठं, कायसुदिक बघितलं न्हाय मी. नुसतं सांगत फिरलो.

प्रसेनजीत : बघण्यासारखं काय न्हाय तिथं. मोकळं मैदान, आणि मी पळणार.

अण्णासो : मग पळ की. मी कडंला बसतो.