मास्कचे दोन जोड

“हॅलो?… हां ताई, बोल. नाही नाही, कामातच आहे, पण बोल तू. हात गुंतलेत, फोन मान वाकडी करून खांद्यावर धरलाय… हो, मानेला वाईट असतं, माहितेय. बोल ना.”

धाकटी बाहेरच्या खोलीतल्या लांब टेबलाशी बसली होती. पुढ्यात रिमोटवर पळणाऱ्या छोट्या मोटारीची बॉडी उपडी पडली होती. काचेसारखं स्वच्छ, पातळ प्लास्टिक, दोन हातांत मावेल एवढं. अशा गाड्यांच्या शर्यती लावणारे हौशी लोक बॉड्या तिच्याकडे रंगवायला पाठवत. हा घरगुती धंदा तिचा आणि बाबांचा. बाबा सध्या ताईकडे राहायला गेले होते, आणि थोरल्या बहिणींचं एक असतं, चार दिवस वडील सांभाळले की धाकटीच्या वर्षभराच्या चुका त्यांना लख्ख दिसायला लागतात.

“बाबा मजेत ना?… गोळ्या घेतात वेळेवर?… मग?… काय? आता माझं काय चुकलं?… मी? मी राबवते? बाबांना?”

तिचा हात थांबला, आणि मग दुप्पट वेगाने चालू लागला.

“कोण म्हणतं असं? तूच ना?… बाबा म्हणाले, ‘माझ्यावाचून तिचं अडलं असेल’?… अस्सं. आणि म्हणून उद्याच परत यायचंय त्यांना… बरं. त्यावरून तू ठरवलंस की मी या वयात त्यांना कामाला जुंपलंय. अगं ताई… अगं ऐक ना… हो, हो, तुझं ऐकलं. आता माझं ऐक.”

“तुला माहितेय का हे काम कसं असतं? बॉडी आतून रंगवतात. बाहेरून नाही गं, आतून. म्हणजे गाडी कितीही घासली, आपटली, तरी रंग सुखरूप… हां. मग जिथे तो रंग नको तिथे आधी मास्क लावायचा. मास्क म्हणजे स्टिकरच, विनाइलचा, मशीनवर कापलेला. खिडक्या, पट्टे, जे काय असेल ते. तो आतल्या खोलगट बाजूला साबणाच्या पाण्यावर सरकवत बसवायचा, पाणी दाबून काढायचं, कडा नखाने दाबायच्या. कुठे एक कड उचललेली राहिली की शिरला रंग खाली… तेच तर सांगतेय! ते मास्क लावायचं काम बाबांचं. आणि बाबांचे हात… सकाळी तुझ्यासमोर चहा पितात ना? कपबशी वाजते ती ऐकतेस ना?… अं? मध्ये बोलू नकोस, थांब जरा.”

एकदा धाकटीच्या तोंडाचा पट्टा सुटला की तो मध्येच थांबवणं ताईला लहानपणापासून जमलेलं नव्हतं. आज तर कारणही होतं. वर्षभर पोटात ठेवलेली गोष्ट होती, आणि आरोप नेमका उलटा आला होता.

“बाबांनी लावलेला मास्क कसा दिसतो सांगू? नीट घातलेल्या अंथरुणावर कुणी मनसोक्त लोळून उठावं तसा. सुरकुत्या, बुडबुडे… आत्ता माझ्यासमोर आहे एक. तुझ्याकडे यायच्या दिवशी लावून गेलेत. पट्टा नाकापासून निघतो बरा, पण छपरावर पोचेपर्यंत दोन पेले झाल्यासारखा… हो, हो… अगं ऐक ना! हळू का बोलू? इथे घरात आहे कोण?”

ती हसत होती. सांगता सांगता तिने चाकूच्या टोकाने त्या मास्कची कड उचलली, चिमटीत धरली आणि सर्रकन ओढली.

“मग मी काय करते? काय करणार! काढते आणि परत लावते… सगळे. हो, सगळेच. मी प्रत्येक मास्कचे दोन जोड कापते ताई. एक बाबांना लावायला आणि एक गाडीला लावायला… अगं हसतेस काय? नाही हसत? मग?… बरं, ऐक तर. दुपारी बाबा आडवे झाले की त्यांचा काढायचा, चोळामोळा करून कचऱ्याच्या डब्यात भाजीच्या सालांखाली दडपायचा आणि आपला बसवायचा. चहाला उठतात, बॉडी उजेडात धरतात आणि मलाच म्हणतात, ‘बघ, वाळल्यावर कसा बसला! साबण बेताने घातला की असा बसतो.’ मला शिकवतात! मी आपली म्हणते, हो बाबा, तुमचा हात तो तुमचा हात…”

“मागच्या महिन्यात तर कहर झाला. विनाइलचा रोल एवढ्या लवकर संपतो कसा, म्हणून दुकानदाराशी भांडले. मापात मारतोस म्हणाले त्याला. भर दुकानात! तो बिचारा टेप काढून मोजायला लागला… मी मागे उभी, मूग गिळून. काय बोलणार? दोन-दोन जोड कोण कापतं, मला माहीत… तर आता तूच सांग, कोण कुणाला राबवतंय? एका माणसाचं काम मी दोनदा करतेय. बाबांना कामात गुंतवून ठेवणं हे सगळ्यात मोठं काम… ताई? ऐकतेस ना?”

मघापासून फोनमधून नळाचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला होता.

“झाली वाटतं भांडी… हॅलो?… का गं, बोलत का नाहीस? रागावलीस?… ताई, तू भांडी घासत होतीस. मग फोन धरला होतास कशाने?… स्पीकरवर आहे का हा?”

“… कोण खोकलं ते?”

तो खोकला तिने हजारांत ओळखला असता. आधी घसा साफ करायचा, मग उगाच एकदा खोकायचं, मग काहीच बोलायचं नाही. धाकटीने फोन खांद्यावरून हातात घेतला. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिने मान खाली घातली.

“कुठे बसलेत?… स्वयंपाकघरातच. टेबलाशी… किती वेळ?… पहिल्यापासून. मग मला सांगायचं ना!… हो. हो, तू मध्ये बोलत होतीस. मीच बोलू दिलं नाही… ‘हळू बोल’ म्हणालीस, हो. मला वाटलं… काय वाटलं कुणास ठाऊक.”

झाकली मूठ वर्षभर झाकून ठेवली आणि आज स्वतःच, विचारलं नसताना, उघडून दाखवली. मास्क काढायची तिला कधी लाज वाटली नव्हती. ते ती मायेने करत होती, निदान तिची तशी समजूत होती. पण ते अंथरुणाचं, ते दोन पेल्यांचं बोलताना तिला मजा वाटली होती, आणि ती मजा बाबांनी शब्दन् शब्द ऐकली होती. याची लाज मात्र अशी होती की धरणीने पोटात घेतलं असतं तर ती आनंदाने गेली असती.

“बाबा?… बाबा, ऐकू येतंय का? मी थट्टा करत होते हो. ताईला चिडवायला. ती उगाच मला बोलायला लागली, म्हणून मी पण चढवून… एखादा काढला असेल कधी, कड उचलली म्हणून. तेवढंच… बाबा?”

थाप मारायची तर ती तरी धड मारावी. दोन जोडांचं इतकं रंगवून सांगून झाल्यावर हे कोण ऐकणार होतं?

“… ताई, तूच आहेस का? काय म्हणतात?… घेत नाहीत फोन… नको, आग्रह नको करूस… अं? काय विचारतात?… हे तू विचारतेस की ते?… लाल गाडी.”

लाल गाडी ही बाबांची शान. नोकरीत असताना ते बस दुरुस्तीच्या कारखान्यात रंगारी होते. अख्ख्या बसच्या लांबीचा पट्टा, दोरी न लावता, नजरेने सरळ आखणारे म्हणून तिथे त्यांचं नाव होतं. लाल गाडीवरचा पांढरा पट्टा तसाच उतरला होता, आणि तिचा फोटो ते भेटेल त्याला दाखवत. ‘बस लहान झाली, हात तोच आहे,’ असं वर म्हणत.

“लाल… लालचा मास्क मी लावला… आज सकाळी फोटो दाखवला? कुणाला?… शेजारच्यांना. आणि?… जिन्यात भेटेल त्याला. नको सांगूस ताई, पुरे… पिवळी? पिवळीपण मीच… तीही. ताई, एकेक कशाला विचारतेस गं? त्यांना विचारायचंय? मग त्यांनाच…”

“… बाबा. हो, मी आहे ना… हो… नाही, रडत नाहीये. बोला… किती म्हणजे?… तुम्ही लावलेले, तसेच ठेवलेले.”

इथे खोटं बोलायला भरपूर जागा होती. ‘बरेचसे’ म्हटलं असतं तर बाबांनी ते खरं मानून घेतलं असतं, निदान तसं दाखवलं असतं. शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. पण आजच्या दिवसात त्या माणसाला आणखी एक मास्क लावायची तिची छाती होईना.

“एकही नाही, बाबा.”

“… हो. गेल्या वर्षापासून. त्याआधीचे सगळे तुमचेच आहेत, खरंच, त्यातल्या एकालाही मी… हो. बरं. त्याआधीचं नाही विचारत तुम्ही. कळलं.”

“… कोण, दुकानदार?… नाही. रोल पूर्ण भरत होता तो… हो, तो बरोबर होता. मला माहीत होतं… तेव्हाही माहीत होतं. मी जाते ना त्याच्याकडे, मी सांगते, माझी चूक होती म्हणून. तुम्ही कशाला त्याच्यासमोर… बरं. बरं, तुम्हीच जा. मी येऊ बरोबर?… नको. ठीक आहे.”

भर दुकानात बाबांचा चढलेला आवाज तिला आठवला, आणि दुकानदाराची नजर. त्या नजरेत राग नव्हता, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं असा भाव होता. तेव्हा एका वाक्यात तिने ते मिटवलं असतं. त्याऐवजी तिने पैसे दिले आणि बाबांना दंडाला धरून बाहेर आणलं, आणि घरी येऊन पुन्हा दोन जोड कापले.

“… टेबलावरची बॉडी? हो, आहे. निळ्या रंगाची होणार आहे ती… तशीच रंगवू? नको बाबा, कडा उचलल्यात, रंग आत शिरेल. गिऱ्हाईक काय म्हणेल… ते खरं, गिऱ्हाइकाला दुसरी बॉडी देता येईल, तो प्रश्नच नाही. पण मग ही कशाला रंगवायची?… काय बघायचंय?”

“… तुमच्या हाताचं काम.”

“… हो. नाही बघितलंत. वर्षभरात एकदाही नाही… मी बघूच दिलं नाही.”

तिने खाली बघितलं. बॉडीच्या पोटात काहीच नव्हतं, साबणाच्या पाण्याचे चार ओघळ तेवढे वाळले होते. काढलेला मास्क तिच्या मांडीवर होता. तो उलगडता येतो का ते तिने एका हाताने पाहिलं, पण चिकट बाजू चिकट बाजूला बसली होती आणि ओढलं तसा तो लांबत गेला.

“बाबा… तो नाहीये आता… काढला… नाही, आधी नाही. आत्ताच. बोलता बोलता… हो. हसत होते तेव्हाच.”

ताईच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली.

“… हो, आहे, आहे. ऐकतेय… उद्या? येताय?… नाही, मला वाटलं आता तुम्ही… काही नाही वाटलं. या. या बाबा, मी येते घ्यायला… बरं, नका येऊ म्हणता तर नाही येत… हो, कापून ठेवते… एकच जोड. नाही, दुसरा नाही कापणार. एकच… तुम्ही लावा. मी हात लावणार नाही, शब्द देते… आणि नीट नाही बसला तर?… काढायचा. कुणी, मी?… बरं. काढेन… कुठे? समोर म्हणजे?”

“… तुमच्यासमोर?”

“… नाही बाबा. ते नाही जमणार मला… अहो, तुम्ही शेजारी बसून बघताय आणि मी तुमचा मास्क ओढून काढतेय, हे कसं करू मी? हातच उचलणार नाही माझा… खरंच सांगते, नाही जमायचं…”

“… अं?”

“हो… हो, बाबा. तुमच्या पाठीमागे जमलं.”

पलीकडे फोन ठेवला गेला.